बिग गोल्ड बेल्ट: फ्लेअरचा, खलीचा, रॉलिन्सचा... एकच का वेगवेगळा?

खडकवासला_एक्स्प्रेस

मंडळी, घरात वाद पेटलाय, जाणकारांनी मिटवून द्यावा. भाचा अकरावीत आहे, हल्लीचं डब्ल्यूडब्ल्यूई त्याला तोंडपाठ. त्याचं म्हणणं वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियनशिप २०२३ साली सुरू झाली आणि सेथ रॉलिन्स पहिला चॅम्पियन. मी म्हटलं अरे बाबा मग आम्ही टेन स्पोर्ट्सवर ट्रिपल एच, बटिस्टा, अंडरटेकरच्या खांद्यावर तो सोन्याचा ढालीएवढा बेल्ट बघायचो तो काय भाड्याने आणला होता? आपल्या खलीने पण तोच जिंकलेला. त्यात माझा थोरला भाऊ मध्ये पडला, म्हणे तो बेल्ट मुळात डब्ल्यूसीडब्ल्यूचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीचा, गोल्डबर्गकडे होता आणि त्याच्याआधी रिक फ्लेअरकडे. मग वडिलांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि वर्ल्ड चॅम्पियन एकच, दारासिंग, असं जाहीर करून परत पेपरात घातलं. आता घरात चार जणांची चार मतं आणि कोणीच माघार घेईना.

तर मला एवढंच कळून घ्यायचंय की हा बेल्ट नक्की कुणाचा, कुठून कुठे गेला, आणि खलीला "वर्ल्ड चॅम्पियन" म्हणायचं म्हणजे नक्की कुठल्या टायटलचा. विकीवर बघितलं तर दहा वेगवेगळी पानं निघाली, डोकं गरगरलं.

टेन_स्पोर्ट्स_पिढी

तुमच्या घरातले सगळेच आपापल्या जागी बरोबर आहेत भाऊ, घोळ एवढाच की बेल्ट ही वस्तू वेगळी आणि टायटलची वंशावळ वेगळी, आणि या धंद्यात दोन्ही सोयीप्रमाणे जोडतात आणि सोयीप्रमाणे तोडतात.

आधी वस्तूचं बघू. तो मोठा सोनेरी बेल्ट जिम क्रॉकेट प्रमोशन्स या कुस्तीचे शो करणाऱ्या कंपनीने बनवून घेतला, नेवाडा राज्यातल्या चार्ल्स क्रमराइन नावाच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडून. हा माणूस मुळात काउबॉय लोकांच्या पट्ट्यांची मोठमोठी नक्षीदार बक्कलं करायचा, म्हणून त्या बेल्टवर ती वेलबुट्टी आहे, नीट झूम करून बघा. फेब्रुवारी १९८६ मध्ये रिक फ्लेअर तो बांधून पहिल्यांदा आला. तेव्हा तो एनडब्ल्यूएच्या, म्हणजे प्रमोटरांच्या संघटनेच्या, वर्ल्ड टायटलचा बेल्ट होता. खाली नावाची पट्टी, तिच्यावर फ्लेअरचं नाव. त्याआधी १९७३ पासून पृथ्वीच्या गोलाचा घुमट असलेला जुना बेल्ट चालायचा.

१९८८ च्या शेवटी टेड टर्नरने क्रॉकेटची कंपनी घेतली आणि तिची डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. १९९३ च्या सप्टेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यू एनडब्ल्यूएतून बाहेर पडली पण बेल्ट ह्यांच्या मालकीचा, मग टायटल कुठलं म्हणायचं? तर त्यांनी "इंटरनॅशनल" असं एक नाव चिकटवून वेळ मारून नेली आणि जून १९९४ ला फ्लेअरने स्टिंगला हरवून ते डब्ल्यूसीडब्ल्यूच्या टायटलमध्ये विलीन केलं. तीन-चार आठवड्यांत हल्क होगन आला, फ्लेअरला हरवलं, तिथून हा बेल्ट म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यूचं टायटल. होगन, स्टिंग, गोल्डबर्ग सगळे त्याचेच. म्हणजे थोरल्या भावाला एक मार्क.

मार्च २००१ ला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) व्हिन्स मॅकमहनने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या टीव्ही शोच्या, नायट्रोच्या, शेवटच्या भागात बुकर टीने स्कॉट स्टायनरला हरवून बेल्ट घेतला आणि तो तसाच डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला. डिसेंबर २००१ ला जेरिकोने एकाच रात्री रॉक आणि ऑस्टिनला हरवलं आणि डब्ल्यूसीडब्ल्यू व डब्ल्यूडब्ल्यूएफची दोन्ही टायटलं एक झाली. इथे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या टायटलचा कारभार संपला. पुढे लेस्नर जिंकला, त्याने कंपनीच्या दोन शोंपैकी फक्त स्मॅकडाउनवर दिसायचं ठरवलं, दुसऱ्या शोच्या, रॉ वाल्यांकडे काहीच उरलं नाही. म्हणून २ सप्टेंबर २००२ ला रॉचा कारभारी एरिक बिशॉफने ब्रीफकेस उघडली, आतून तोच सोनेरी बेल्ट काढला आणि ट्रिपल एचच्या हातात ठेवला. मॅच नाही टूर्नामेंट नाही, सरळ हातात!! आमच्या वर्गात त्यावर आठवडाभर शिव्याशाप चालू होते. डब्ल्यूडब्ल्यूईच्या हिशोबात हे नवं टायटल, डब्ल्यूसीडब्ल्यूची वंशावळ त्याला जोडलेली नाही. बेल्टचा साचा मात्र तोच, फक्त वर डब्ल्यूडब्ल्यूईचा लोगो बसला.

हे टायटल १५ डिसेंबर २०१३ पर्यंत चाललं. ह्यूस्टनला ऑर्टनने सीनाला हरवून हे आणि डब्ल्यूडब्ल्यूई टायटल अशी दोन्ही एक केली आणि २०१४ च्या ऑगस्टात लेस्नरला एकच बेल्ट देऊन हा सोनेरी कायमचा कपाटात गेला. २०२३ चं रॉलिन्सवालं टायटल नाव तेच, दिसायला जुन्याची आठवण करून देणारं, पण कंपनीच्या म्हणण्यानुसार कोरं. भाच्याला पण एक मार्क द्या, कागदावर तो बरोबर आहे. खली २००२ ते २०१३ वाल्या यादीत येतो.

तालमीतला

अहो पण मुळात सगळी नुरा कुस्ती, निकाल आधी ठरलेला, त्याचा इतिहास तो काय लिहायचा? कोण जिंकणार ते ऑफिसात बसून ठरवतात. आमच्याकडे महाराष्ट्र केसरीला गदा मिळते ती पाठ टेकवून मिळवावी लागते, ब्रीफकेसमधून निघत नाही.

बोरिवली_स्लो

@तालमीतला, तुमचा मुद्दा मान्य आणि तिथेच तर खरी गंमत आहे. निकाल ठरलेला असतो हे एकदा धरलं की प्रश्न बदलतो. कोण जिंकलं हा प्रश्नच राहत नाही, प्रश्न उरतो की प्रमोटर कुणाच्या हातात बेल्ट द्यायला धजतो. कारण बेल्ट दिला आणि समोरच्याने ठरल्याप्रमाणे परत केला नाही तर? शंभर वर्षांचा सगळा इतिहास या एका भीतीचा आहे, बाकीचं सगळं सजावट.

सुरुवात खऱ्या कुस्तीपासूनच होती बरं का. १९०५ ला हॅकनश्मिट न्यूयॉर्कला टॉम जेन्किन्सला हरवून वर्ल्ड चॅम्पियन म्हणवला गेला, १९०८ ला शिकागोत फ्रँक गॉचने त्याला दोन तासांच्या वर घुसळून हार मानायला लावली. त्या काळात कुस्त्या तासन्‌तास चालायच्या आणि बघणाऱ्याला जांभया यायच्या. आता आपल्या लोकांना यात शिरायची जागा सांगतो: १९१० ला गामा लंडनला गेला. उंची कमी म्हणून आधी त्याला कोणी घेईचना. शेवटी १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी जोड लागली आणि गामाने पहिल्या मिनिटाला त्याला खाली घेतलं, त्यानंतर तो गडी जो मॅटला चिकटून बसला तो अडीच तास उठलाच नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली, पुढच्या शनिवारी पुन्हा ठेवली, झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल बेल्ट गामाला मिळाला.

हा झिबिस्को लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीतला खलनायक तोच, किंवा नायक, तुम्ही कुठून बघता त्यावर.

१९२० च्या दशकात अमेरिकेत एड "स्ट्रँगलर" लुइस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी धंद्याची आजची चाल बसवली, वेळेची मर्यादा, झटपट डाव, ठरलेले निकाल, एकच ताफा गावोगाव फिरवायचा. जानेवारी १९२५ ला त्यांनी लुइसकडून टायटल वेन मन नावाच्या फुटबॉल खेळाडूला दिलं. धिप्पाड गडी, पब्लिकला आवडलेला, पण कुस्ती येत नव्हती. आता कुस्ती न येणाऱ्याला चॅम्पियन केलं की त्याच्यासमोर फक्त विश्वासातली माणसं उभी करावी लागतात. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाला समोर झिबिस्को, वय झालेला, ठरल्याप्रमाणे हरायला आलेला. पण विरोधी गटाने त्याला आधीच फोडलेलं होतं. घंटा वाजली आणि म्हाताऱ्याने खरी कुस्ती सुरू केली! मनला उचलून आपटला, पाठ टेकवली, परत उचलला, परत टेकवली. रेफरी बिचारा कंपनीचाच, पण हजारो लोकांसमोर किती वेळ दुसरीकडे बघणार, शेवटी द्यावाच लागला निकाल. दीड महिन्यात झिबिस्कोने टायटल विरोधी गटाच्या जो स्टेचरला देऊन टाकलं, कारण ठरलंच होतं तसं. (तीन वर्षांनी, १९२८ ला, पतियाळाला हाच झिबिस्को गामासमोर मिनिटभरही टिकला नाही, तेवढं वडिलांना सांगा, खूश होतील.)

या दणक्यानंतर प्रमोटर लोक शहाणे झाले. चॅम्पियन असा हवा की निकाल ठरलेला असला तरी समोरचा बिथरला तर हा त्याला खरोखर मोडून ठेवेल. म्हणून लू थेझ. जुलै १९४८ ला आयोवातल्या वॉटरलू गावी मोजक्या प्रमोटरांनी बसून एनडब्ल्यूए काढली, आपापले इलाखे वाटून घेतले, दुसऱ्याच्या हद्दीत घुसायचं नाही आणि चॅम्पियन सगळ्यांचा मिळून एक. पहिला ऑरव्हिल ब्राउन, पण १९४९ ला थेझशी गाठ पडायच्या आधीच त्याच्या गाडीला अपघात झाला, कारकीर्द संपली आणि टायटल थेझकडे आलं. थेझ हा खरा कसलेला पैलवान, हातपाय कुठे अडकवला की सुटत नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्याला दगा द्यायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. (इलाखे वाटून घेण्याचा प्रकार सरकारच्या डोळ्यावर आला आणि १९५६ ला न्याय खात्याने त्यांच्याकडून लिहून घेतलं. ती वेगळी कथा.)

आणि तरी प्रत्येकाला कुस्ती येईल असं नाही, मग दुसरा उपाय काढला, रोख रक्कम. एनडब्ल्यूएचा चॅम्पियन २५ हजार डॉलर अनामत भरायचा, टायटल सोडलं की परत. घरमालक डिपॉझिट घेतो ना, अगदी तसंच, आणि घरमालकासारखंच परत देताना भांडण. १९९१ ला डब्ल्यूसीडब्ल्यूचा कारभारी जिम हर्ड, त्याने फ्लेअरला सांगितलं पैसे कमी घे, रूप बदल, तो तयार होईना म्हणून करार तोडून मोकळा झाला. पण बेल्ट फ्लेअरच्या घरी! फ्लेअर म्हणाला माझे २५ हजार व्याजासकट टाका आणि घेऊन जा. त्यांनी टाकले नाहीत. मग काय, ऑगस्टपासून मॅनेजर बॉबी हीनन तो बेल्ट घेऊन डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्हीवर, "खरा वर्ल्ड चॅम्पियन येतोय". म्हणजे एका कंपनीचा बेल्ट दुसऱ्या कंपनीच्या चॅनेलवर. इकडे डब्ल्यूसीडब्ल्यूने जुलैमध्ये लेक्स लुगर आणि बॅरी विंडमची टायटल मॅच ठेवली तर बेल्टच नाही, कुठला तरी जुना पट्टा शोधून त्यावर पत्रा ठोकला, आणि पब्लिक पूर्ण मॅचभर फ्लेअरच्या नावाने ओरडत होतं. नंतर कोर्टकचेरी झाली, बेल्ट परत गेला, तरी व्हिन्स ऐकतोय का, फ्लेअरच्या खांद्यावर दुसराच बेल्ट टाकला आणि टीव्हीवर तेवढा भाग धूसर करून दाखवला. लोकांना वाटलं आत खराच आहे.

अजून एक सांगतो, हा माझा सगळ्यात आवडता. एडब्ल्यूए नावाची तिसरी कंपनी होती, व्हर्न गॅनियाची, मिनियापोलिसची. १९८६ ला स्टॅन हॅन्सन त्यांचा चॅम्पियन. डेनव्हरला निक बॉकविंकलकडून हरायचं असं त्याला सांगितलं, त्याने बेल्ट उचलला आणि सरळ निघून गेला, जपानमध्ये जाऊन तोच बेल्ट लावून खेळला. कंपनीने कोर्टाची धमकी दिल्यावर भाऊने बेल्ट रस्त्यावर ठेवला, वरून आपला ट्रक घातला आणि टायरच्या खुणांसकट पोस्टाने परत पाठवला.

१९९५ च्या डिसेंबरात अलंड्रा ब्लेझ डब्ल्यूडब्ल्यूएफचं बायकांचं टायटल घेऊन नायट्रोवर आली आणि कॅमेऱ्यासमोर ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आता १९९७ चं माँट्रियल या सगळ्याच्या मागे ठेवून बघा. ब्रेट हार्ट चॅम्पियन, डब्ल्यूसीडब्ल्यूत निघालेला, कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायला तयार नाही. व्हिन्सने त्याने हार मानलेली नसताना घंटा वाजवायला लावली. बरोबर केलं असं मी म्हणत नाही, ब्रेटसारखा शब्दाचा पक्का माणूस बेल्ट डब्यात टाकेल असं मला वाटत नाही. पण व्हिन्सच्या डोळ्यासमोर तो डबा असणार हे नक्की.

मुक्काम_एडिसन

बोरिवली_स्लो, जबरी प्रतिसाद. यात ब्रुनो राहिला, तो टाकतो, कारण इथे न्यूजर्सीत पिकलेल्या केसांच्या इटालियन लोकांसमोर ब्रुनो सॅमार्टिनोचं नाव काढलं की अजून डोळे चमकतात, आमच्या ऑफिसातल्या एकाने तर टेबलावर फोटो ठेवलाय, शेजारी पोपचा.

आज ज्याला डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप म्हणतात तिचा जन्म रुसण्यातून झाला. २४ जानेवारी १९६३ ला टोरंटोत थेझने बडी रॉजर्सकडून एनडब्ल्यूए टायटल घेतलं. न्यूयॉर्कच्या बाजूचे प्रमोटर, म्हणजे आत्ताच्या व्हिन्सचे वडील आणि वर आलेला तोच टूट्स माँट, यांचा पैसा रॉजर्सवर चालायचा. ते म्हणाले तीनपैकी दोन पाडाव व्हायला हवे होते, एकाच पाडावाची मॅच आम्ही धरत नाही. संघटनेतून वेगळे झाले, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ काढली आणि रॉजर्सला पहिला चॅम्पियन जाहीर केलं. तो कसा जिंकला? तर म्हणे रिओ द जानेरोला टूर्नामेंट झाली. असली टूर्नामेंट कधी झालीच नाही! आणि १९७९ ला इंटरकॉन्टिनेंटल टायटल काढलं तेव्हा पॅट पॅटरसन पण म्हणे रिओलाच टूर्नामेंट जिंकून आला. एकदा खपलेली थाप दुसऱ्यांदा वापरायला काय जातं.

१७ मे १९६३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनोने रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि पुढे १८ जानेवारी १९७१ पर्यंत, पावणेआठ वर्षं, बेल्ट त्याच्याकडे. इव्हान कोलॉफने त्याला पाडलं तेव्हा गार्डनमध्ये एवढी शांतता झाली की ब्रुनोला वाटलं आपले कान गेले, असं तो स्वतः सांगायचा. लहानपणी आईबरोबर डोंगरात जर्मन सैन्यापासून लपून राहिलेलं पोर, अमेरिकेत आलं तेव्हा हाडाचा सापळा होता. त्याला बेल्ट दिला कारण तो तिकिटं विकायचा, स्थलांतरित लोकांना तो आपला वाटायचा. विश्वासाचा मुद्दा आहेच पण गल्ला पण आहे की.

खडकवासला_एक्स्प्रेस

बापरे, वाचतोय वाचतोय, चहा गार झाला. झिबिस्कोवालं वडिलांना वाचून दाखवलं, भयंकर खूश, पण लगेच म्हणाले मग दारासिंगने लू थेझला मुंबईत हरवलं ते? ते पण सांगा ना कोणीतरी.

गिरगाव_चौपाटी

सांगतो. दारासिंगने १९६८ ला मुंबईत थेझला हरवलं हे खरं आणि त्यावरूनच त्यांना वर्ल्ड चॅम्पियन म्हणतात. पण थेझकडे तेव्हा एनडब्ल्यूएचं टायटल नव्हतं, ते त्याने जानेवारी १९६६ ला सेंट लुइसला जीन किनिस्कीकडे घालवलेलं. त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्या यादीत दारासिंगांचं नाव सापडत नाही. म्हणून ते कमी ठरतात का? मला नाही वाटत. थेझ जिकडे जाईल तिकडे वर्ल्ड चॅम्पियन म्हणूनच जायचा, त्याच्या नावालाच वजन होतं, आणि अशा माणसाने परक्या देशात तिथल्या हिरोकडून हार पत्करली म्हणजे त्या हिरोची इज्जत केली. १९५९ ला कलकत्त्यात जॉर्ज गोर्डियेन्कोला हरवून घेतलेली कॉमनवेल्थ चॅम्पियनशिप पण जमेला धरा. आमच्या वाडीतली जुनी मंडळी वरळीच्या पटेल स्टेडियममधल्या दारासिंग-किंगकाँगच्या कुस्त्यांबद्दल अशी बोलायची जणू काल बघून आलेत, त्यात किंगकाँगला डोक्यावर उचलून फिरवल्याचं वर्णन दरवेळी जरा वाढायचं. तेव्हा फ्रीस्टाइल म्हणायचे याला, ते ठरवून असतं का यावर वाडीत तेव्हाही दोन तट होते.

सातारी_कंदी

सगळे मोठमोठ्या बाता करताय पण खलीचं कोणी धड सांगितलंच नाही. मी सांगतो कारण त्या आठवड्यात आमच्या गल्लीत क्रिकेट बंद होतं.

मे २००७ मध्ये एजने मनी इन द बँकेची ब्रीफकेस (ज्याच्याकडे ती असेल तो कधीही टायटल मॅच मागू शकतो) वापरून मार खाऊन पडलेल्या अंडरटेकरकडून टायटल लाटलं. जुलैत एज जखमी, टायटल सोडावं लागलं. १७ जुलैला टेक्सासमधल्या लरेडो गावात वीस जणांची बॅटल रॉयल (दोरावरून बाहेर गेला तो बाद, शेवटी उरेल तो विजेता) रेकॉर्ड झाली, २० तारखेला टीव्हीवर दाखवली. शेवटी तिघं उरले, खली, केन आणि बटिस्टा. केन आणि बटिस्टा दोरांपाशी एकमेकांत गुंतलेले आणि खलीने मागून येऊन दोघांनाही एकदमच बाहेर ढकललं. एकदम! संपलं. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातल्या धिराइना गावचा, पंजाब पोलिसातला दलीपसिंग राणा, आणि त्याच्या खांद्यावर फ्लेअरवाल्या साच्याचा बेल्ट, आणि त्याच्या अंगावर तो बेल्ट एवढासा दिसत होता की बाकीच्यांना जो छातीभर पुरायचा तो ह्याला मनगटी घड्याळ वाटावं.

खेळ म्हणून बघाल तर खलीला धड चालता येत नव्हतं, गुडघे गेलेले, मॅचेस भयंकर असायच्या, हे आता मोठेपणी कळतं. समरस्लॅमला बटिस्टाला खुर्ची मारून हरला तरी डिसक्वालिफिकेशनमुळे बेल्ट वाचला. १६ सप्टेंबरला मेम्फिसला बटिस्टा आणि रे मिस्टेरिओबरोबरच्या मॅचमध्ये बटिस्टाने घेतला, जेमतेम दोन महिने. पण वर बोरिवलीवाल्यांनी लिहिलंय तसं, बेल्ट कुणाला द्यायचा हा प्रमोटरचा हिशोब, आणि भारतात एवढे लोक बघतात हे त्या हिशोबात नसेल असं कोण म्हणेल. २०१७ ला जिंदर महलला ऑर्टनकडून दुसरं, म्हणजे ब्रुनोवालं टायटल दिलं तेव्हा तर ते उघडच दिसत होतं. जिंदर कॅनडाचा, कॅलगरीचा, त्या दिवसापर्यंत सगळ्यांकडून मार खाणारा. १७० दिवस ठेवलं, जुलैत पंजाबी प्रिझन मॅचला खली येऊन मदत करून गेला, आणि मग मँचेस्टरला एजे स्टाइल्सने घेतलं. कहर म्हणजे डिसेंबरात दिल्लीला शो झाला तर तिथे आपल्याच लोकांसमोर ट्रिपल एचने जिंदरला हरवलं. याला काय म्हणायचं.

टेन_स्पोर्ट्स_पिढी

@सातारी_कंदी खलीला हसू नका राव, २००६ च्या जजमेंट डेला त्याने अंडरटेकरला सरळ पाठ टेकवून हरवलेलं, हे किती जणांच्या नावावर आहे. आणि टायटलची इज्जत त्याने घालवली म्हणणाऱ्यांना मी नेहमी सन २००० दाखवतो. त्या एका वर्षात डब्ल्यूसीडब्ल्यूचं टायटल कुणाकडून कुणाकडे गेलं आणि कितीदा रिकामं ठेवलं ते मोजलं तर आकडा वीसच्या वर जातो. डेव्हिड आर्केट नावाचा सिनेमातला नट चॅम्पियन झाला (त्याला स्वतःला ते पटलेलं नव्हतं, मिळालेले पैसे त्याने ओवेन हार्ट, ब्रायन पिलमन यांच्या कुटुंबांना वगैरे देऊन टाकले), नंतर स्क्रिप्ट लिहिणारा व्हिन्स रूसो पण चॅम्पियन. त्याच्याआधी जानेवारी १९९९ ला केव्हिन नॅशला होगनने छातीला एक बोट लावलं आणि नॅश आडवा. याच बेल्टसाठी सहा महिने आधी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये होगन-गोल्डबर्ग बघायला चाळीस हजारांवर लोक आले होते.

२००२ नंतरच्या यादीत पण चढउतार आहेत. एकीकडे २००५ ला बटिस्टाने ट्रिपल एचला रेसलमेनियात हरवलं ती वर्षभर शिजवलेली गोष्ट, त्यातून २८२ दिवस, त्या टायटलचा सगळ्यात लांब कार्यकाळ. आणि दुसरीकडे २०१२ च्या रेसलमेनियाला शेमसने डॅनियल ब्रायनला १८ सेकंदांत हरवलं, तेही शोच्या पहिल्याच मॅचला. शेवटची दोनतीन वर्षं तर हे टायटल दुसऱ्या नंबरचंच झालं होतं, विलीन केलं ते बरंच झालं असं माझं मत.

तालमीतला

वाचलं सगळं. नुराच आहे पण मनोरंजक आहे. तो झिबिस्को मात्र आपल्या मातीतला वाटला, ठरलेलं मोडून निकाली केली म्हाताऱ्याने.

बोरिवली_स्लो

@तालमीतला नाही हो, ते पण ठरलेलंच होतं, फक्त दुसऱ्या पार्टीबरोबर 😄

खडकवासला_एक्स्प्रेस

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा दाखवला, तो म्हणतो कागदावर मीच बरोबर, रॉलिन्स पहिला, २७ मे २०२३ जेद्दा, एजे स्टाइल्सला हरवून. आणि वर विचारतो की काका, म्हणजे मीच, रॉलिन्सनंतर कोण ते तरी माहीत आहे का.

टेन_स्पोर्ट्स_पिढी

त्याला सांगा ड्रू मॅकिन्टायर, रेसलमेनिया ४०, फिलाडेल्फिया, ७ एप्रिल २०२४. रॉलिन्सला हरवला आणि मग घरी जायचं सोडून कॉमेंट्रीला बसलेल्या सीएम पंकला चिडवायला गेला, पंकने त्याला तुडवला आणि डेमियन प्रीस्ट ब्रीफकेस घेऊन धावत आला. किती वेळ चॅम्पियन होता विचारा भाच्याला. सहा मिनिटंसुद्धा नाही.